भरतीचे मैदान आणि अमिनो आम्ले : डब्यात की ताटात?

रत्नागिरीत पहाटे भाट्ये किनाऱ्यावर गेलात आणि समुद्राला ओहोटी असली, तर भिजून घट्ट झालेल्या वाळूवर धावणारी मुले-मुली दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतो, कुणी कबड्डीच्या संघात आहे, कुणी शाळेपासून खो-खो खेळत आली आहे. धावून झाले की घोळका बसतो आणि गप्पा सुरू होतात. आज वेळ किती लागला, गोळा किती मीटर गेला, आणि हल्ली हमखास निघणारा विषय म्हणजे, "तू कुठली पावडर घेतोस?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे घराचा पैसा असतो. आपल्या वस्त्यांतील कित्येक घरांत सरकारी नोकरीला लागणारे ते पहिलेच मूल असते. आई मासळी विकते किंवा आंब्याच्या बागेत मजुरीला जाते, वडील गवंडीकाम करतात. मुलाने मागितले म्हणून घरखर्चातून दोन-तीन हजार बाजूला काढले जातात आणि अमिनो आम्लांचा डबा घरात येतो. महिनाभरात तो संपतो आणि पुन्हा तेवढेच पैसे लागतात. डबा असतो, पण सकाळी धावून आल्यावर पोटात नुसता चहा आणि दोन बिस्किटे. अशा वेळी विचारायला हवे : अमिनो आम्ले खरोखर लागतात का? लागत असतील तर किती, आणि ती मिळतात कुठून?

मैदान काय मागते?

महाराष्ट्र पोलीस शिपाई पदाची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी विभागणी तीच. गोळा मुलांसाठी ७.२६० किलोचा, मुलींसाठी ४ किलोचा. १६०० मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर मुलाने ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत पोहोचावे लागते.

म्हणजे एकाच शरीराकडून दम, वेग आणि ताकद या तिन्ही गोष्टी मागितल्या जातात. त्यासाठी महिनोन्‌महिने रोज सराव करावा लागतो. रोज सराव करायचा तर आजची झीज उद्यापर्यंत भरून निघाली पाहिजे. अमिनो आम्लांचे काम इथे सुरू होते.

नऊ खेळाडूंचा संघ

डाळ, मासा, अंडे, दूध यांत प्रथिने असतात. पोटात पचन होताना प्रथिनांचे बारीक तुकडे होतात, तीच अमिनो आम्ले. ती रक्तातून शरीरभर जातात आणि शरीर त्यांपासून आपल्याला हवी ती प्रथिने नव्याने बांधते. स्नायू, कातडी, केस, रक्तातील हिमोग्लोबिन, रोगाशी लढणारी प्रतिपिंडे हे सारे त्यांतूनच तयार होते.

आपल्या शरीरातील प्रथिने २० प्रकारच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी ११ शरीर स्वतः बनवू शकते. उरलेली ९ बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. ही नऊ अशी : ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, लायसीन, मेथिओनीन, थ्रिओनीन, ट्रिप्टोफॅन, फेनिलअॅलनीन आणि हिस्टिडीन. त्यांना 'अत्यावश्यक अमिनो आम्ले' म्हणतात.

नावे पाठ करण्याची गरज नाही, नऊ हा आकडा लक्षात ठेवा. खो-खो खेळणाऱ्यांना तो सोपा जाईल. पाठलाग करणाऱ्या संघाचे मैदानात नऊच जण असतात, आठ चौकोनांत बसलेले आणि एक धावणारा. चौकोनांत तिघेच बसले असतील तर पाठलाग करणारा कितीही चपळ असला तरी खो देणार कुणाला? शरीरातही तसेच आहे. नऊंपैकी एक जरी कमी पडले तरी त्याच्याअभावी स्नायूची बांधणी अडते, आणि बाकीची आठ भरपूर असली तरी त्यांचा पूर्ण उपयोग होत नाही.

धावल्यानंतर स्नायूत काय घडते?

जोराचा व्यायाम केला की स्नायूंच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा होते. नव्या सरावानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरताना दुखते, ते यामुळे. ही इजा वाईट नाही. शरीर ती दुरुस्त करते आणि दुरुस्त करताना स्नायू आधीपेक्षा थोडा बळकट बांधते. दुरुस्तीचा माल म्हणजे अमिनो आम्ले. त्यांतले ल्युसीन आणखी एक काम करते, ते पेशींना 'बांधकाम सुरू करा' असा इशारा देते. पण इशारा मिळून माल आलाच नाही तर काम पुढे जात नाही.

व्यायामानंतर अर्ध्या तासात पावडर पोटात गेली नाही तर मेहनत वाया जाते, असे मुलांना सांगितले जाते. ते खरे नाही. व्यायामानंतर किमान २४ तास स्नायू अमिनो आम्ले वापरायला अधिक तयार असतात. त्यामुळे दिवसभरात एकूण प्रथिने किती खाल्ली आणि ती तीन-चार वेळांत विभागून खाल्ली का, याला जास्त महत्त्व आहे. घरी पोहोचायला तास लागला तर घाबरू नका. सकाळी काहीच न खाता सारे रात्रीच्या जेवणावर ढकलणे मात्र चुकीचे.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. पोटभर अन्न नसेल तर शरीर हीच अमिनो आम्ले जळणासारखी वापरून टाकते. वजन उतरवण्यासाठी भात बंद करून नुसती पावडर पिणारा मुलगा घराच्या विटाच चुलीत घालत असतो. धावणाऱ्याला भात, भाकरी, पोहे, केळी यांतील कर्बोदके हवीतच.

किती लागते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार सामान्य प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. नियमित आणि कठोर सराव करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणातील तज्ज्ञ साधारण १.२ ते २ ग्रॅम सांगतात. भरतीची तयारी करणाऱ्याने १.४ ते १.६ ग्रॅम धरायला हरकत नाही.

हिशोब करू. ६० किलोच्या मुलाला सराव नसताना सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. सराव सुरू असताना ८४ ते ९६ ग्रॅम लागतात. ५० किलोच्या मुलीला ७० ते ८० ग्रॅम. एका वेळच्या खाण्यात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने आली की ल्युसीनचा इशाराही पुरेसा मिळतो. म्हणजे गरज खरी आहे आणि ती सामान्य माणसापेक्षा जास्त आहे. नुसत्या भातावर आणि पातळ आमटीवर ती भागणार नाही. पण ती भागवायला डबाच लागतो, हे मात्र खरे नाही.

एकाच शेतातली जोडी

आपल्या कोकणात भात कापून झाला की त्याच जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ, वाल, चवळी घेतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कुळथाचे सुधारित वाणही दिले आहे. हे पीक गरिबाचे म्हणून ओळखले जाते. कुळथाची पिठी डब्यात नेली की पोरांना लाज वाटते. ती लाज सोडून द्यावी, कारण खेळाडूच्या दृष्टीने हे धान्य सोन्यासारखे आहे.

१०० ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, तूरडाळीइतकीच. तांदळात सुमारे ८ ग्रॅम. पण खरी गोष्ट या दोघांच्या जोडीत आहे. तांदळाच्या प्रथिनांत नऊंपैकी लायसीन कमी असते, मेथिओनीन चांगले असते. कुळथात नेमके उलटे, लायसीन भरपूर आणि मेथिओनीन कमी. भातावर कुळथाची पिठी घेतली की एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि नऊही खेळाडू मैदानात उतरतात. नाचणीची भाकरी आणि चवळीची उसळ, वालाचे बिरडे आणि भात, यांचेही तसेच. दोन्ही एकाच घासात हवेत असे नाही, एकाच दिवसाच्या जेवणात आले तरी चालते.

कच्च्या कुळथात प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात. भिजवणे, मोड आणणे, भाजणे आणि नीट शिजवणे यांनी ते बरेच कमी होतात. मोड आणून उसळ करणे, भाजून पिठी दळणे या आपल्या आयांच्या पद्धती म्हणूनच योग्य आहेत.

अंडी, दूध, मासे आणि मांस यांत तर नऊही अमिनो आम्ले चांगल्या प्रमाणात एकत्रच मिळतात. बांगड्यासारख्या ताज्या माशाच्या १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. सुक्या मासळीतील पाणी निघून गेलेले असल्याने सुक्या बोंबलाच्या निम्म्याहून अधिक वजन प्रथिनांचेच असते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सुकट, जवळा, सोडे उपयोगी पडतात. एवढेच की खारवलेल्या मासळीत मीठ फार असते. ती आधी पाण्यात भिजवून, धुऊन घ्यावी, आणि रक्तदाब असलेल्यांनी बेतानेच खावी.

एका दिवसाचे ताट

६० किलोच्या मुलासाठी एक नमुना देत आहोत. आकडे अंदाजे आहेत.

धावण्याआधी : एक केळे किंवा गूळ-पोहे मूठभर, आणि पाणी.

धावून आल्यावर : दोन उकडलेली अंडी (१२ ग्रॅम), नाचणीच्या दोन भाकऱ्या (७ ग्रॅम), एक पेला दूध (६ ग्रॅम). एकूण २५ ग्रॅम.

दुपारी : दीडशे ग्रॅम तांदळाचा भात (१२ ग्रॅम), ५० ग्रॅम कुळथाची उसळ किंवा पिठी (११ ग्रॅम). एकूण २३ ग्रॅम.

संध्याकाळी : मूठ-मूठ शेंगदाणे आणि फुटाणे, मिळून ६० ग्रॅम. सुमारे १३ ग्रॅम.

रात्री : १०० ग्रॅम तांदळाचा भात (८ ग्रॅम) आणि मासे १०० ग्रॅम (२० ग्रॅम). एकूण २८ ग्रॅम.

बेरीज ८९ ग्रॅम. ८४ ते ९६ मध्ये बसली. मासे नसतील त्या दिवशी ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घेतल्या तर सुमारे १५ ग्रॅम मिळतात, उरलेली कसर एका अंड्याने भरून निघते. जे मांसाहार करत नाहीत त्यांनी दूध, दही, सोयाबीन आणि दोन वेळा कडधान्य यांवर भर द्यावा. मुलींनी वजनाच्या प्रमाणात थोडे कमी करावे, पण कोणताही पदार्थ ताटातून काढू नये.

काही मुले व्यायामशाळेतले ऐकून अंड्याचा पिवळा बलक फेकून देतात. अंड्यातील सुमारे ६ ग्रॅम प्रथिनांपैकी अडीच ग्रॅमच्या आसपास त्या बलकातच असतात. निरोगी, धावणाऱ्या तरुणाने तो टाकण्याचे कारण नाही.

डब्याचा हिशोब

आता डब्याकडे वळू. बाजारात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. पहिला प्रथिनांची पावडर, जी बहुधा दुधाच्या निवळीपासून म्हणजे व्हेपासून बनते. तिच्यात नऊही अमिनो आम्ले असतात. दुसरा 'बीसीएए' नावाचा. यात ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीनच असतात. उरलेली सहा अन्नातून आली नाहीत तर या तिघांना स्नायू बांधता येत नाही. आणि अन्नातून आली असतील, तर त्याच अन्नातून ही तीनही आलेलीच असतात. पुरेसे जेवणाऱ्याला या डब्याचा वेगळा फायदा फारसा नाही.

व्हे पावडर वाईट नसते. ती दुधाचाच पदार्थ आहे आणि पटकन पचते. पण पैशांचा हिशोब मांडा. समजा तीन हजारांच्या डब्यात ३० मात्रा आहेत. एक मात्रा १०० रुपयांना पडली आणि तिच्यातून सुमारे २५ ग्रॅम प्रथिने मिळाली. अंडे सात रुपयांना धरले तर चार अंड्यांतून २८ रुपयांत जवळपास तेवढीच मिळतात. ५० ग्रॅम सोयावड्या किंवा ११५ ग्रॅम कुळीथ घेतले तर खर्च आणखी कमी. उरलेल्या पैशांत चांगले बूट येतील. धावणाऱ्याच्या गुडघ्यांना त्यांची गरज जास्त असते.

डब्यावर लिहिलेले आत असते का, हाही प्रश्न आहे. केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पावडरींची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ७० टक्के पावडरींवरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. काहींत लिहिल्याच्या निम्मीच प्रथिने होती. काहींत बुरशीचे विष, काहींत कीटकनाशकांचे अंश सापडले. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार मार्गदर्शक सूचनांत स्नायू वाढवण्यासाठी प्रथिन-पावडर टाळण्याचा सल्ला देण्यात आला.

क्रिएटीनबद्दलही मुले विचारतात. आपले शरीर ते आर्जिनीन, ग्लायसीन आणि मेथिओनीन या तीन अमिनो आम्लांपासून स्वतः बनवते, शिवाय मासे आणि मांसातूनही मिळते. १०० मीटर आणि गोळाफेक अशा थोडक्या वेळच्या जोरकस कामाला त्याचा उपयोग होतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. पण आधी ताट आणि झोप, मग त्याचा विचार, आणि तोही डॉक्टरांना विचारून. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर प्रथिने वाढवण्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

इंजेक्शनच्या वाटेला जाऊ नका

डब्यापर्यंत गोष्ट पैशांची असते, त्याच्या पुढे ती जिवाची होते. भरती जवळ आली की कुणीतरी 'दम वाढवणारे' इंजेक्शन किंवा गोळी सुचवतो. मेफेंटरमाइन हे त्यांतलेच एक. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी डॉक्टर ते वापरतात. धावण्यासाठी टोचून घेतले तर रक्तदाब एकदम चढतो, हृदयाचे ठोके बिघडतात, पुढे त्याचे व्यसनही लागते. स्टिरॉइडने स्नायू फुगतात, पण यकृत, हृदय आणि प्रजननशक्ती यांना इजा होते. ही अमिनो आम्ले नव्हेत, कुणी त्याच नावाने दिली तरी नव्हेत.

जिल्हा, राज्य पातळीवर खेळणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. उत्तेजक द्रव्यविरोधी नियमांत, आपल्या शरीरात काय गेले याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. भेसळीच्या पावडरीतून नकळत गेले, एवढ्याने सुटका होत नाही. २०२३ च्या जागतिक आकडेवारीत, पाच हजारांहून अधिक नमुने तपासलेल्या देशांमध्ये दोषी नमुन्यांचे सर्वाधिक प्रमाण भारताचे होते, ३.८ टक्के.

मुलींनी आणि त्यांच्या आयांनी वाचावे

मुलगी नियमित धावते, तरी वेळ सुधारत नाही, दम लागतो, डोके दुखते. अशा वेळी पावडर आणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले आहे. हिमोग्लोबिनला अमिनो आम्ले आणि लोह दोन्ही लागतात. लोह कमी असेल तर प्राणवायू स्नायूपर्यंत पोहोचत नाही, मग कितीही प्रथिने खा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. आणि घरात अंडी, मासे वाढताना मुलाला दोन आणि मुलीला अर्धे असे होत असेल तर ते आजच थांबवा. तिला ८०० मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर २ मिनिटे ५० सेकंदांच्या आत पोहोचायचे आहे.

पाणी, मीठ आणि झोप

कोकणच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर लवकर तापते आणि पाणी-मीठ खूप जाते. मीठ घातलेली भाताची पेज, लिंबूपाणी, कोकम सरबत यांनी ते भरून येते. अतिश्रमानंतर लघवी चहासारखी काळपट झाली आणि स्नायू असह्य दुखत असतील तर घरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. स्नायू तुटून त्यांतील द्रव्य मूत्रपिंडात अडकत असण्याची ती खूण असू शकते.

स्नायूंच्या दुरुस्तीला झोप लागतेच, म्हणून सात-आठ तास झोपा. रात्री बारापर्यंत अभ्यासिकेत आणि पहाटे चारला मैदानात, असे रोज करणाऱ्याला कोणताही डबा वाचवू शकत नाही. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांतीही घ्या.

शेवटी एवढेच. व्यायामशाळेतला दादा सांगतो म्हणून, जाहिरातीत पीळदार शरीर दिसते म्हणून, किंवा सगळेच घेतात म्हणून काहीही घेऊ नका. लेबल वाचा, ग्रॅम मोजा, रुपये मोजा, डॉक्टरांना विचारा आणि पटले तरच घ्या. आजच एक काम करा. कालपासून काय काय खाल्ले ते वहीत लिहा, वरील आकड्यांशी ताडून पाहा आणि कुठे कमी पडते ते शोधा. बहुतेकांना कळेल की कमी पडतात ती सकाळची दोन अंडी आणि दुपारची वाटीभर उसळ.